"घरात पाणी भरलं" म्हणाला पोरगा, आणि मी म्हणाले "शाब्बास"

खडूची_धूळ

धागा काढू की नको यात चार दिवस गेले. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, धुळे जिल्हा, साक्री तालुका, गावाचं नाव नको. मूळची साताऱ्याकडची. पवित्र पोर्टलवरून नेमणूक झाली तेव्हा साक्री नकाशात शोधावं लागलं होतं, आता दीड वर्ष झालं. तिसरी-चौथी एकत्र, सव्वीस पोरं, घरी सगळी अहिराणी बोलतात. पहिले दोन महिने मला पोरांचं निम्मं कळत नव्हतं आणि पोरांना माझं किती कळत होतं ते देव जाणे, पण "समजलं का?" म्हटलं की "होओओ" यायचं, त्यामुळे माझं बरं चाललंय असं मी धरून चालले होते.

मागच्या महिन्यात शिक्षण परिषदेत सांगितलं की एकेका तासाचं रेकॉर्डिंग करून स्वतःच ऐका, कुणाला दाखवू नका. मोबाईल टेबलावर उलटा ठेवला आणि पावसावरचा धडा घेतला. रात्री भाकरी थापताना लावलं. खाली जे लिहितेय ते शब्दशः आहे.

मी: पावसाळ्यात आकाशात काय येतात?
सगळे: ढऽऽग!
मी: शाब्बास. ढग कसे असतात? काऽऽ...
सगळे: ...ळे!
मी: काळे. मग ढगातून काय पडतो?
सगळे: पाऽऽऊस!
मी: शाब्बास. पाऊस पडल्यावर शेतकऱ्याला काय होतो? आऽनं...
सगळे: ...द!

हे असं पस्तीस मिनिटं. "काऽऽ" मी म्हणायचं आणि "ळे" पोरांनी, म्हणजे अख्खा शब्दसुद्धा मी त्यांना दिला नाही, वाक्य तर सोडाच.

मग शेवटी मी विचारलं, काल पाऊस कुठे कुठे आला? मधल्या रांगेतला एकजण उठला आणि म्हणाला, "बाई, मन्हा घरमा पानी भराई गयं."

मी काय म्हटलं असेल? "माझ्या घरात पाणी भरलं. असं म्हणायचं. म्हण बघू."

तो हळू आवाजात म्हणाला, "माझ्या घरात पाणी भरलं."

आणि मी म्हणाले, "शाब्बास. बस खाली."

घरात पाणी भरलेल्या पोराला मी शाब्बास म्हणाले. त्या तासातलं पोरांच्या बाजूचं सगळ्यात लांब वाक्य तेच होतं आणि मी तेच खोडलं. भाकरी करपली. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन आले, पाणी ओसरलेलं, गोधड्या वाळत टाकलेल्या. त्याची आई मला चहा देत होती आणि मी काय बोलावं सुचेना.

प्रश्न असा आहे की हे फक्त माझंच आहे का? आणि ज्यांनी वर्गातलं बोलणं बदलून बघितलंय त्यांनी नक्की काय केलं? मला उपदेश नकोय, काय केलं ते सांगा.

गार_पोळी

बाई, आधी एक मिठी घ्या. ते शाब्बास तोंडातून आपोआप निघतं हो, मी पण दर रविवारी म्हणते. माझा किस्सा वेगळा आहे, निवांत लिहिते, आत्ता ऑफिसात आहे.

तळटीप

अध्यापक महाविद्यालयात तीस वर्षं शिकवून निवृत्त झालोय, त्यामुळे माझी पोस्ट लांब होणार, आधीच माफी.

बाई, तुमच्या वर्गात जे झालं ते बहुतेक वर्गांत रोज होतं. जॉन सिंक्लेअर आणि माल्कम कुलथर्ड या दोघांनी इंग्लंडमधल्या वर्गांची रेकॉर्डिंग तपासून १९७५ मधे ही साखळी मांडली. शिक्षक विचारणार, मूल उत्तर देणार, शिक्षक शेरा मारणार, की लगेच पुढचा प्रश्न. चार वर्षांनी अमेरिकेत ह्यू मेहानला तेच दिसलं. यातला तिसरा ठोका बाहेरच्या जगात नसतो. रस्त्यात कुणी वेळ विचारली, तुम्ही सांगितलंत अडीच वाजले, तर तो "बरं" म्हणून पुढे जातो. वर्गात तोच प्रश्न आला की "शाब्बास, बरोब्बर" ऐकू येतं, कारण विचारणाऱ्याच्या मनगटावर घड्याळ आहे आणि ते पोरांनाही दिसतंय!

तुमच्या पोराची गंमत अशी की काल पाऊस कुठे आला हा तुमचा एकच प्रश्न असा होता ज्याचं उत्तर तुमच्याकडे नव्हतं. पोरानं खरं उत्तर दिलं आणि तुम्ही सवयीनं तिसरा ठोका जुन्याच तालात दिलात.

आमच्याकडे बीएडच्या पोरांना फ्लँडर्सचा तक्ता भरायला लावायचे. नेड फ्लँडर्स, अमेरिकन, १९६० च्या आसपासचं काम. दर तीन सेकंदांनी वर्गात कोण काय बोलतंय त्याची खूण करायची, एकूण दहा रकाने. दहातले सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन मुलांच्या बोलण्याचे, आणि दहावा शांतता किंवा गोंधळ. रकान्यांची वाटणी बघूनच कळावं वर्गात कोण बोलत असेल. त्याचा निष्कर्ष साधा होता, वर्गातल्या वेळेपैकी दोन तृतीयांश वेळ कुणीतरी बोलत असतं आणि त्यातलं दोन तृतीयांश शिक्षक बोलतो. आमची पोरं तक्ता आदल्या रात्री होस्टेलवर बसून भरायची ते वेगळं, आणि गंमत म्हणजे आकडे बरोबर यायचे.

काय केलं असं विचारताय तर एकच सांगतो, थांबा. प्रश्न विचारून झाल्यावर थांबा. मेरी बड रो नावाच्या बाईंनी सत्तरच्या दशकात विज्ञानाच्या तासांची रेकॉर्डिंग ऐकली, शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एक सेकंद थांबत होते. त्यांनी शिक्षकांना तीन सेकंद थांबायला शिकवलं तर उत्तरं लांबली, "माहीत नाही" कमी झालं, ज्यांना सगळे मठ्ठ समजत होते ती पोरं बोलायला लागली. आणि प्रश्नानंतर जसं थांबायचं तसंच उत्तरानंतरही थांबायचं, शेरा मारायच्या आधी. ते दुसरं थांबणं जास्त जड जातं.

निवांत_पाटील

तळटीप सर, आदर आहे, पण आमच्याकडे या. अनुदानित हायस्कूल, आठवी ब, ६२ पोरं. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला ३५ पोरांमागे एक शिक्षक लिहिलंय, ते कागदावर राहू दे. मी तीन सेकंद थांबलो तर दुसऱ्या सेकंदाला मागच्या बाकावरून विमान येतं आणि तिसऱ्याला मारामारी. वर अभ्यासक्रम संपवायचा, चाचणी, ऑनलाईन माहिती भरा, बीएलओचं म्हणजे मतदारयादीचं काम करा, आणि मग संध्याकाळी तुमचे हे परदेशी अभ्यास वाचा.

"काऽऽ... ळे" ही हौस नाहीये हो सर, तो लगाम आहे. ६२ तोंडं एकाच वेळी एकच शब्द म्हणताहेत तोवर ती दुसरं काही म्हणत नाहीत, सरळ गणित आहे.

तळटीप

लगाम हा शब्द पटला. खरंच पटला. मी तीस वर्षांत असा चपखल शब्द वापरला नाही. पण मग ते भाषा शिकवणं नाही, वर्ग सांभाळणं आहे, एवढं तरी आपण आपल्याशी कबूल करू.

मधली_सुट्टी

मी शिक्षिका नाही, आई आहे. मुलगी इंग्लिश मीडियमला, दुसरीत. आम्ही दोघंही मराठी माध्यमाचे, घरात इंग्रजी बोलायला कुणी नाही, म्हणून शाळेच्या भरवशावर.

एक गोष्ट लक्षात आली ती सांगते. पोरीला अख्ख्या इंग्रजीतलं कुठलं वाक्य न अडखळता, न विचार करता, बरोब्बर बोलता येतं? "मिस, मे आय गो टू टॉयलेट". दुसरं, "मिस, ही इज हिटिंग मी". ही दोन कुणी शिकवली नाहीत, वहीत नाहीत, परीक्षेत नाहीत. पण लागली तेव्हा बोलली आणि बोलल्यावर काहीतरी घडलं, म्हणजे सुट्टी मिळाली, त्या पोराला ओरडा बसला. बाकी पंधरा ओळींचा "माय सेल्फ" पाठ आहे, मधे थांबवून "व्हॉट डू यू लाइक?" विचारलं की पहिल्यापासून सुरू करते, माय नेम इज...

शाळेत मराठी बोललं की वहीत लाल शेरा. मग पोरं काय करतात तर गप्प बसतात किंवा कुजबुजतात. इंग्रजी बोलावं म्हणून केलेल्या नियमानं बोलणंच बंद झालं. पालकसभेत हे बोलले तर बाकीचे पालक माझ्याकडेच बघायला लागले, आम्ही फी कशाची भरतो म्हणे.

निवांत_पाटील

टॉयलेटवालं शंभर टक्के!! आमच्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीला इंग्रजी आहे, आठवीपर्यंत येताना आठ वर्षं झाली, आणि पोरांची स्वतःची इंग्रजी वाक्यं म्हणजे "मे आय कम इन सर" आणि सुरात म्हटलेलं "गुऽऽड मॉऽऽर्निंग सऽऽर".

गार_पोळी

आले परत. मी न्यू जर्सीत रविवारच्या मराठी शाळेत शिकवते, पोटापाण्याची नोकरी वेगळी, हे हौसेचं. इथे जन्मलेली मुलं, आठ ते बारा वर्षांची. यांची तऱ्हा उलटी. यांना सगळं कळतं. आजी फोनवर विचारते, जेवलीस का गं, काय जेवलीस? ही म्हणते, "येस आजी, आय हॅड पास्ता." आजी खूश, नात खूश, संवाद झाला. पण मराठी एकीकडूनच आली ना.

मला वाटायचं की कानावर पडत राहिलं की एक दिवस तोंडातून येईल. मग आमच्यातल्याच एकीनं कॅनडाचं सांगितलं, तिचा अभ्यास याच विषयातला. मॉन्ट्रियलजवळ सेंट लँबर्टला १९६५ पासून इंग्रजी घरातल्या मुलांना सगळे विषय फ्रेंचमधून शिकवायला सुरुवात केली. पुढे मेरिल स्वेन या बाईंनी अशाच शाळांतली मुलं तपासली तर ऐकून कळण्यात ती फ्रेंच मुलांच्या जवळपास पोचलेली, पण बोलताना आणि लिहिताना व्याकरण लंगडं. वर्षानुवर्षं दिवसभर फ्रेंच ऐकूनसुद्धा. १९८५ साली त्यांनी मांडलं की नुसतं ऐकणं पुरत नाही, बोलावं लागतं, आणि बोलताना जिथे अडतं तिथे आपल्याला काय येत नाही ते आपलं आपल्याला कळतं. ऐकताना माणूस दोन शब्द पकडून बाकीचं अंदाजानं भागवतो, बोलताना तसं भागत नाही, "माझा" की "माझी" ते ठरवावंच लागतं.

अजून एक, याच्याशी तुमच्या शाब्बासचा संबंध आहे. रॉय लिस्टर आणि लैला रांता यांनी १९९७ मधे मॉन्ट्रियलच्याच असल्या चार वर्गांत शिक्षक चुका कशा दुरुस्त करतात ते मोजलं. निम्म्याहून जास्त वेळा शिक्षक मुलाचं वाक्य नुसतं बरोबर करून परत म्हणत होते. आणि तेव्हाच मुलं आपली चूक सगळ्यात कमी वेळा सुधारत होती! मी हे वाचून खो खो हसले कारण माझा वर्ग डोळ्यासमोर आला. मुलगा म्हणतो, "माझा आई आला." मी म्हणते, "हो का, माझी आई आली?" तो म्हणतो, "तुझा पण?"

आता मी असं करते, "माझा आई, की?" एवढंच विचारून गप्प बसते. तो वर बघतो, खाली बघतो, आणि मग "माझी! माझी आई आली." ते त्याचं त्यानं काढलेलं असतं. दरवेळी जमत नाही, दर वाक्याला केलं तर पोरं वैतागतात, एका रविवारी एक-दोनदा.

वावरातला_बांध

खान्देशी माणूस आहे, मालेगाव तालुक्यातला, आता पुण्यात. गार_पोळी ताई, तुमचं सगळं मान्य पण एका जागी थांबवतो.

तुमच्या न्यू जर्सीच्या पोराचं "माझा आई" ही शिकताना होणारी चूक आहे. पण बाईंच्या वर्गातल्या पोराचं "मन्हा घरमा पानी भराई गयं" ही चूक नाहीये. त्यात एक अक्षर चुकलेलं नाही. घर ला मा लागला, भराई गयं बरोबर, पानी ला गयं बरोबर. हे अख्खं व्याकरण त्याला पाचव्या वर्षापासून येतंय. २०११ च्या जनगणनेत खान्देशी वेगळी भाषा म्हणून मोजलीय, अहिराणी त्याच्यातच येते, १८ लाखांवर माणसं आहेत. तुम्ही दोन्हीला एकच औषध देऊ नका.

मी तिसरीत होतो तेव्हाचं सांगतो. गुरुजींनी विचारलं, तुझा बाप काय करतो रे? मी म्हटलं "वावरमा जास". सगळा वर्ग हसला. आता बघा, हसणारी पण सगळी घरी तेच बोलणारी! पण शाळेच्या दारातून आत आल्यावर ते हसण्यासारखं असतं हे त्यांना कुणीतरी शिकवलं होतं. तेव्हापासून मी उत्तर मनात आधी अहिराणीत तयार करायचो, मग मराठीत करायचो, मग तपासायचो, तोवर गुरुजी पुढच्याकडे गेलेले असायचे. सातवीपर्यंत मी वर्गात बोललो नाही असं म्हटलं तरी चालेल. मार्क चांगले होते, त्यामुळे कुणाला काळजी नव्हती. "शांत मुलगा आहे" असं प्रगतिपुस्तकात लिहिलंय, अजून आहे घरी.

म्हणून तळटीप सरांचं ते तीन सेकंद मला फार मोलाचं वाटतं. दोन भाषांत ये-जा करणाऱ्या पोराला रस्ता लांब असतो हो, एक सेकंदात कसं पोचणार.

तळटीप

बांधभाऊ, हे लिहिल्याबद्दल आभार. माझ्या तीस वर्षांच्या टाचणवह्यांत हा मुद्दा नव्हता.

खडूची_धूळ

वावरातला_बांध, तुमची पोस्ट तीनदा वाचली. मग मी करू काय, अहिराणीतच शिकवू? मला येत नाही, आणि पोरांना पुस्तक तर मराठीतच वाचायचंय, पाचवीनंतर बाहेर जायचंय. वाद घालत नाहीये, खरंच विचारतेय.

वावरातला_बांध

अहिराणीत शिकवू नका, अहिराणीत ऐका. तो म्हणाला "पानी भराई गयं" तर तुम्ही तुमच्या सातारी मराठीत म्हणा, "अरे बापरे, घरात पाणी भरलं? किती? मग झोपलात कुठे?" मराठी त्याच्या कानावर आलीच ना? पण बातमी ऐकल्यावर माणूस बोलतो तशी आली. तो पुढचं सांगेल, अर्धं अहिराणीत अर्धं मराठीत, सांगू द्या. मराठी वाक्य शिकवायचा तास वेगळा ठेवा, तेव्हा फळ्यावर दोन्ही लिहा, शेजारी शेजारी, त्याच्याकडूनच.

डहाणूकर_नव्हे

माझं माहेर डहाणूकडचं, कोसबाडच्या टेकडीजवळ, म्हणून हे लिहायचा मोह. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मधे बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, १९५७ ला कोसबाडला आल्या. वारली मुलं शाळेत यायची नाहीत, गुरं चारायला जायची, तर यांनी कुरणशाळा काढली, म्हणजे गुरं चरताहेत तिथेच जाऊन बसायचं. आमच्याकडे जुनी माणसं सांगायची की बाई आधी पोरांनाच विचारायच्या, हे झाड कसलं, ह्या पानाचं काय करतात. म्हणजे उत्तर पोरांकडे आणि प्रश्न बाईंकडे, खरोखरचा. तळटीप सरांचं घड्याळ मनगटावर नव्हतं, एवढंच म्हणायचंय.

शेवटचं_बाक

बरेच दिवस वाचतेय इथे, पहिल्यांदाच लिहितेय. सगळ्यांनी कोरसला झोडपलंय म्हणून राहवलं नाही.

मी लहानपणापासून तोतरी. अजून आहे. शाळेत मला एकटीला उभं करून विचारलं की पहिलं अक्षर दारात अडकायचं. पण पाढे, प्रार्थना, कविता सगळ्यांबरोबर म्हणताना मी एकदाही अडखळले नाही. एकदाही नाही! मोठेपणी स्पीच थेरपिस्टनं सांगितलं की हे आमच्यातल्या बहुतेकांचं असंच असतं, इतरांच्या आवाजाबरोबर बोललं की अडखळणं जवळजवळ जातं. मला शाळेतला तो कोरस म्हणजे पाऊस थांबेस्तोवर उभं राहायला मिळालेला आडोसा होता. तुम्ही तो काढून सगळ्यांना "आपापलं बोला" कराल तेव्हा माझ्यासारखी एखादी उघड्यावर येईल, तिचा विचार करा.

आणि थांबण्याबद्दल. माझ्या बाबतीत सगळेच "थांबायचे", पण कसे, तर माझ्या तोंडाकडे बघत. आणि मग दया येऊन माझा शब्द स्वतः पूर्ण करायचे, तेही बऱ्याचदा चुकीचा. मला "भोपळा" म्हणायचं असायचं आणि सर म्हणायचे "भात? हां, भात." मी मान हलवायची. अशी कितीतरी चुकीची उत्तरं माझ्या नावावर आहेत. एकच बाई होत्या, पाचवीच्या, त्या प्रश्न विचारून फळा पुसायला वळायच्या. पाठ करून. फळा स्वच्छ असला तरी पुसायच्या. तेवढ्यात माझं बोलून व्हायचं.

निवांत_पाटील

हे वाचून डस्टर घेऊन ठेवलंय. बाकी काही बोलत नाही.

मधली_सुट्टी

शेवटचं_बाक, लिहित जा गं.

खडूची_धूळ

तीन आठवडे झाले, हिशेब देते. सगळं छान छान झालं असं मुळीच नाही.

थांबणं: पहिले दोन दिवस मला तीन सेकंद म्हणजे तीन तास वाटत होते. मी खिडकीचे गज मोजायचे, सहा आहेत, सहाव्या गजापर्यंत बोलायचं नाही असा नियम. पोरांना वाटलं बाई रागावल्या. एकानं घाबरून कान पकडले! मग सांगितलं, रागावले नाहीये, वाट बघतेय. आता पोरंच गज मोजतात, चौथीतला एकजण "सहा झाले बाई" म्हणून मला सांगतो, त्यामुळे शांततेचा पुरता फज्जा उडतो पण चालतंय.

जोडीत बोलणं: आपटलं. तिसरीला वाचन देऊन चौथीला जोड्या करायला लावल्या तर चौथीचा दंगा आणि तिसरी वाचन सोडून चौथीचं ऐकत बसली. त्यात केंद्रप्रमुख आले. बाजारातल्यासारखा आवाज. त्यांनी काही म्हटलं नाही, शेरेबुकात "वर्ग नियंत्रण आवश्यक" एवढं लिहून चहा पिऊन गेले. निवांत_पाटील, तुमचा लगाम आठवला. दोन दिवस मी परत "काऽऽ... ळे" वर आले होते, खोटं कशाला सांगू.

कोरस: ठेवलाय. कविता आणि पाढे कोरसमधे, धडा नाही. आणि माझ्याही वर्गात एक मुलगी आहे जिला मी बुजरी समजत होते, ती कवितेला सगळ्यात मोठ्यांदा असते. मी दीड वर्षात बघितलंच नव्हतं तिच्याकडे कवितेच्या वेळी, मी वहीत हजेरीच्या बेरजा करत असायचे. फळा पुसायचा प्रयोग तिच्यासाठी सुरू केलाय. अजून एकच शब्द आलाय, पण तिचा तिनं पूर्ण केलेला.

शाब्बास: याचं सगळ्यात अवघड गेलं. तोंड उघडलं की तेच येतं. म्हणून मी त्याच्याऐवजी "मग?" म्हणायला लागले. पोरगं काही म्हणालं की "मग?" आणि तुम्हाला सांगते, या दोन अक्षरांनी जेवढं काम केलं तेवढं कुठल्या शैक्षणिक साहित्यानं केलं नाही. ढगवाल्या धड्याच्या जागी आता कुणाच्या शेळीला काय झालं, कुणाचा काका सुरतहून आला, पंपाची मोटर कशी जळली, अर्धं मला कळतं अर्धं शेजारचं पोरगं मराठी करून सांगतं. म्हणजे माझ्यासाठी भाषांतर करताना ती पोरं जी मराठी बोलतात ती त्यांच्या वहीतल्या मराठीपेक्षा चांगली असते! कारण बाईला खरंच कळलेलं नसतं आणि ते त्यांना दिसतं. बांधभाऊ, हे तुम्ही सांगितलं नव्हतंत.

फळ्यावर शेजारी शेजारी लिहिणं चालू आहे. "आठे" समोर "इथे", "बठ्ठा" समोर "सगळे". एक पालक येऊन म्हणाले, बाई हे घरचं कशाला शिकवता, मराठी शिकवा. त्यांना अजून नीट उत्तर देता आलेलं नाही.

आणि परवा एक झालं. मधल्या सुट्टीत मी पायरीवर डबा खात बसले होते. ज्याच्या घरात पाणी भरलं होतं तो, आणि त्याची बहीण, पहिलीतली, दोघं येऊन उभे राहिले. बहिणीनं विचारलं, "बाई, तुमनी माय कथा शे?"

दीड वर्षात पोरांनी मला विचारलेले प्रश्न म्हणजे "बाई पाणी प्यायला जाऊ" आणि "बाई समास सोडायचा का". हा पहिलाच वेगळा. मी जोशात येऊन अहिराणीत उत्तर द्यायला गेले, "मन्ही आई साताऱ्याला शे."

दोघं हसून लोटपोट. पोरगा म्हणाला, "आई नई बाई, माय. म्हना बरं."

मी म्हटलं, "मन्ही माय."

"शाब्बास," म्हणाला.

वावरातला_बांध

😂😂 झाली फिट्टंफाट.

गार_पोळी

ऑफिसात हसतेय एकटीच, शेजारचा विचारतोय काय झालं, काय सांगू याला.

शेवटचं_बाक

मग?

खडूची_धूळ

मग बहिणीनं विचारलं, सातारामा तुमनी माय काय करस. मी म्हटलं, वावरमा जास. तेवढं बरोबर आलं. बांधभाऊ, तुमच्याच पोस्टमधून उचललं होतं.